ओस्टरवीरची हसरी

जिला गावात कुणी मोकळेपणानं हसताना पाहिलं नव्हतं, त्या आफ्केला सगळं ओस्टरवीर 'हसरी' म्हणायचं. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठ वळल्या वळल्या, तिला ऐकू जाईल अशा बेतानं. खाटकाच्या दुकानात ग्रीट तिला वजन करून मांस द्यायची, कागदाला दोरा बांधायची, हवेबद्दल दोन शब्द बोलायची, आणि दारावरची घंटी वाजून आफ्के बाहेर पडते न पडते तोच पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणायची, "गेली बाई हसरी."

हे नाव तिला तिच्या धाकट्या भावानं मिळवून दिलं होतं. हेसल लेखक होता. अ‍ॅम्स्टरडॅमला राहायचा, मानेवर रुळतील असे केस ठेवायचा, आणि मुलाखतीत कुणी विचारलं की म्हणायचा, मी चिखलातला माणूस आहे. चिखल आफ्के काढायची. गोठा तिच्याकडे, गाई तिच्याकडे, समुद्राच्या बांधाखालची जमीन तिच्याकडे. हेसलकडे या सगळ्यावरची कादंबरी.

ती कादंबरी १९६८ साली आली. पहिल्या पानावर छापलं होतं की यातली सगळी पात्रं काल्पनिक आहेत, आणि दुसऱ्या पानापासून ओस्टरवीरकर एकेकाला ओळखत सुटले. कुत्र्याचं नाव तेच. चुलीमागची तडकलेली निळी फरशी तीच. महायुद्धात त्यांच्या घरात लपवलेला माउरिट्स तोच, आणि त्याला दिलेलं 'बाउके' हे खोटं नावसुद्धा तेच. आफ्केचं नाव तेवढं बदललं होतं, पण वेण्या तिच्या होत्या, चष्मा तिचा होता, भुवईवरचा व्रण तिचा होता. शेवटाकडची एकच गोष्ट खोटी होती, आणि नेमकी तीच सगळ्यांनी खरी धरली.

माउरिट्स हा अ‍ॅम्स्टरडॅमच्या एका टोप्या शिवणाऱ्या ज्यू माणसाचा मुलगा. आला तेव्हा दहा वर्षांचा होता. आफ्के बाराची, हेसल सातचा, म्हणून त्याला मधला मुलगा म्हणून खपवायचं ठरलं. शेजाऱ्यांना माहीत होतं आणि शेजारी गप्प होते. गावाचं एवढं तरी कबूल करायला हवं. आफ्केनं त्याला इथली, अ‍ॅम्स्टरडॅमला कुणी बोलत नाही ती भाषा शिकवली, गोठ्यात, धार काढता काढता. गवताची, ढगांची, गाईच्या आजारांची नावं त्यानं पटापट उचलली. जड गेली ती एकच गोष्ट. इकडच्या घरांत मुलं आईबापांना 'तू' म्हणत नाहीत, आणि 'तुम्ही'सुद्धा म्हणत नाहीत. बापाकडे बघून बापालाच म्हणायचं, "हेट कॉफी घेणार का?" आईला म्हणायचं, "मेमनी बसावं, भांडी मी पुसते." हेट म्हणजे बाप, मेम म्हणजे आई. त्यांना 'तुम्ही' म्हणणं म्हणजे बँकेतल्या साहेबाच्या शेजारी नेऊन बसवणं. माउरिट्सच्या घरी बापाला 'तुम्ही' म्हणायची रीत होती आणि त्या 'तुम्ही'त त्याचा सगळा मान होता. तो चुकला की आफ्के त्याला शेणाच्या फावड्यानं ढोसायची. पुढं पुढं तो चुकेनासा झाला.

फेब्रुवारी चव्वेचाळीसमध्ये झडती आली. एक जर्मन, आणि त्याच्याबरोबर त्यांची चाकरी करणारा आपल्यातलाच एकजण, पलीकडच्या गावचा, खांद्यावर सशाच्या शिकारीची बंदूक. त्यांनी माळा बघितला, गवताच्या गंजीत काठ्या खुपसल्या, पोरांना नावं विचारली. बाउकेनं नाव नीट सांगितलं. मग ते निघाले. जर्मन तर अंगणात पोचलासुद्धा होता. बंदूकवाला उंबऱ्यात उभा राहून हातमोजे चढवत होता. कुत्रा भुंकत सुटला होता म्हणून हेट म्हणाले, "बाउके, जा रे, कुत्रा बांध." आणि इतका वेळ रोखून धरलेला श्वास सोडत पोरगा म्हणाला, "तुम्ही बसा, मी बांधतो."

इथपर्यंत कादंबरी आणि खरी गोष्ट हातात हात घालून चालतात. पुढं कादंबरीत असं आहे की हे ऐकून ती वेण्यावाली मुलगी फिसकन हसली. बंदूकवाला वळला. म्हणाला, "काय झालं गं हसायला?" आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

खरं म्हणजे कुणी हसलं नव्हतं. आफ्के टेबलापाशी काळा ब्रेड कापत होती, आणि तिची सुरी ब्रेडमध्ये होती तिथंच थांबली. बोलले ते हेट. त्यांचाही श्वास सुटला होता, त्यांनाही वाटलं होतं की सुटलो, आणि कुठल्याही दिवशी कुठल्याही पोराला बोलले असते तसे ते गरजले, "तुम्ही कुणाला म्हणतोस रे? बाप आहे मी तुझा!"

बंदूकवाल्यानं एक हातमोजा परत काढला. "दहा वर्षांचा घोडा झाला," तो म्हणाला, "आणि हे तुम्ही त्याला आज शिकवताय होय?"

दोघांनाही नेलं. माउरिट्स परत आला नाही, हेटही परत आले नाहीत. लढाई संपल्यावर गावानं चर्चमागच्या गल्लीला हेटचं नाव दिलं, गेर्लोफ होक्सेमा गल्ली. आफ्के रोज दूध घालायला त्याच पाटीखालून सायकल काढायची.

पुस्तक आलं तेव्हा मेम होत्या. खिडकीशी बसून, भिंग लावून, त्यांनी ते दोन रविवारांत वाचून काढलं. आफ्के कॉफी करत होती. मेमनी पुस्तक मिटलं, भिंग वर ठेवलं, आणि म्हणाल्या, "हेट छान उतरलेत." बस, एवढंच. पुढं दोन वर्षांनी मेम गेल्या तोवर त्यावर घरात चकार शब्द निघाला नाही. कपाट उघडं दिसलं की जाता जाता लावून टाकावं, तसं मेमनी ते लावून टाकलं होतं. आत मुलगी राहिली, तर राहिली.

आणि आता, १९७९च्या मार्चमध्ये, त्यावर सिनेमा निघत होता.

डायरेक्टरचं नाव कास्पर. अ‍ॅम्स्टरडॅमचा, कॉर्डुरॉयचा सूट, पायात लाकडी बूट. खरे लाकडी बूट, जे ओस्टरवीरमध्ये आता फक्त म्हातारे आणि सिनेमावाले घालत. हेसलला बरोबर घेऊन तो सरळ स्वयंपाकघरात शिरला, वर बघितलं, खाली बघितलं, आणि म्हणाला, "आफ्के, तुझं हे घर म्हणजे सोनं आहे सोनं!"

सत्तेचाळीस वर्षांच्या आफ्केला 'तू' म्हणणारी जगात दोनच माणसं उरली होती, एक हेसल आणि एक गुरांचा डॉक्टर. हा तिसरा.

"तुम्ही बसा," ती म्हणाली. तिच्या तोंडी तो शब्द म्हणजे मध्ये ओढलेलं फाटक होतं. कास्परला ते दिसलं नाही. तो फाटकावरून उडी मारून आत आला आणि चुलीवर हात ठेवून बघू लागला.

तिनं दोन कप कॉफी ओतली, बिस्किटांचा डबा उघडला, प्रत्येकापुढं एक बिस्कीट ठेवलं आणि डबा लावून टाकला.

"स्वयंपाकघर देते," ती म्हणाली. "गोठाही देते. एकच सांगते. माझ्या घरात ते हसणं होणार नाही."

"कुठलं हसणं?" कास्परनं विचारलं.

"मुलगी हसते ते."

"अगं, सगळा सिनेमा त्या हसण्यावर उभा आहे!"

"मग दुसरीकडे उभा करा."

हेसलनं बिस्कीट कॉफीत बुडवलं. "तिच्याकडे लक्ष देऊ नको कास्पर. ती कादंबरी आहे, आफ्के. कादंबरीतली मुलगी हसते. तू नाहीस ती."

"असं? मग ग्रीटला सांग. खाटकाच्या दुकानात जा आणि मोठ्यानं सांग."

"मग त्या दिवशी काय झालं होतं?" कास्परनं विचारलं. त्याला एकदम गंध लागल्यासारखं झालं. "तू हसली नव्हतीस तर तो वळला कशानं?"

हेसलनं तिच्याकडे बघितलं. ती नजर ती लहानपणापासून ओळखत होती. काहीतरी फोडलं की तो अशी नजर लावायचा.

"गाईंची वेळ झाली," ती म्हणाली आणि उठली.

हेसल तिच्या मागोमाग गोठ्यात आला. गाईंपासून चार हात लांब उभा राहिला, बूट जपत.

"मेमना शब्द दिलाय मी," तो दबक्या आवाजात म्हणाला. "लिहायला बसलो तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, सगळं लिही, फक्त हेटना काही व्हायला नको."

"आणि मला?"

"काय?"

"मला काय झालं तर चालेल, याबद्दल मेम काही म्हणाल्या होत्या का?"

"तू निभावलंसच की."

"हो. ग्रीटच्या दुकानातून बेकन घेऊन बाहेर पडते मी, तेव्हा फार छान निभावत असते."

"मग जा, सांग जा त्याला!" हेसलचा आवाज चढला, गाईनं मान वळवली. "सांग, की माझ्या बापाच्या तोंडानं पोरगं मेलं. पाटी काढायला शिडी मीच आणून देतो. चालेल तुला? बोल ना."

ती गाईखालचं शेण ओढू लागली. अडचण तीच तर होती, अकरा वर्षं. तिचं हसणं पुसायचं तर त्या जागी काहीतरी घालावं लागणार होतं, आणि घालायला तिच्याकडे हेटशिवाय दुसरं काही नव्हतं. हेसलला हे पक्कं माहीत होतं. म्हणून तर तो बूट जपत निवांत उभा राहू शकत होता.

तिनं स्वयंपाकघर दिलं. नाहीतरी त्यांनी शेजारच्या गावात तसंच्या तसं बांधलं असतं आणि त्यात कुणातरी पोरीला हसवलं असतं. निदान डोळ्यांसमोर होईल, असं तिनं स्वतःला समजावलं. समजावणं काही नीट झालं नाही.

सिनेमावाले आले आणि घर हातचं गेलं. तिची चूल त्यांना पुरेशी जुनी वाटेना म्हणून तिला काजळी फासली. मार्चमध्ये बर्फ नव्हता म्हणून अंगणात पोत्यांनी मीठ ओतलं. मीठ चाटायला गाई कुंपणाशी रांग लावून उभ्या, आणि त्याखालचं गवत जे करपलं ते पुढच्या उन्हाळ्यातही आलं नाही. आफ्के भांडायला गेली तेव्हा एका पोरसवदा मदतनिसानं तिला ठेवणीतल्या आवाजात सांगितलं, "सिनेमा आहे ना हा."

"आणि ते गवत आहे," आफ्के म्हणाली.

गाव रोज बघायला यायचं. कुंपणाबाहेर घोळके. ग्रीटही असायची, हातात पिशवी, जाता जाता थांबल्यासारखी. पण थांबायची तासभर. "आज तो सीन आहे का गं?" ती शेजारणीला विचारायची. 'तो' म्हणजे कुठला, हे कुणी कुणाला सांगावं लागत नव्हतं.

तो सीन गुरुवारी आला. हेसल मुद्दाम अ‍ॅम्स्टरडॅमहून आला होता. हेटच्या भूमिकेत राजधानीतल्या रंगभूमीवरचा एक बडा नट होता, उंचापुरा, आवाजाचा धनी. हेट खरं तर बुटके होते. आफ्केच्या भूमिकेत हार्लेमची मेरेल नावाची मुलगी होती, अकरा वर्षांची, खोट्या वेण्यांची. आफ्केला आपल्याच स्वयंपाकघरात उभं राहायला जागा मिळाली ती भांड्यांच्या कपाटापाशी, दिव्याच्या खांबामागं.

तालीम सुरू झाली. बंदूकवाला उंबऱ्यात. पोरगा म्हणाला, "तुम्ही बसा, मी बांधतो." मेरेल हसली. शाळेच्या नाटकात हसतात तशी, आधी दात, मग आवाज.

"नको," कास्पर म्हणाला. "पुन्हा."

पुन्हा हसली. आणखी वाईट.

मेरेल कंटाळली. "मला कळतच नाही," ती म्हणाली. "बंदूक घेऊन माणूस उभा असताना ही हसेल कशाला?" आणि तिची नजर दिव्यामागं गेली. "बाई, तुम्हीच ना त्या? तुम्ही कशा हसला होतात?"

सगळं युनिट वळलं. आफ्केनं तोंड उघडलं, पण हेसल आधी बोलला. मजेत बोलला, लोकांसमोर तो मजेतच असायचा. "अगं, ती नाकातून हसायची. असं बघ." आणि त्यानं खांदे वर घेतले, मान आत ओढली आणि नाकातून हसून दाखवलं. फुस्स, फुस्स, डुकराच्या पिल्लासारखं. "अजूनही हसते ती तसंच, पण गाईंसमोर."

सगळे हसले. दिवेवाला हसला, मेकअपवाली हसली, तो बडा नट आवाज लावून हसला. उघड्या खिडकीतून कुंपणापर्यंत ते पोचलं असणार, कारण तिथंही कुणीतरी हसलं.

आफ्केच्या मनात आलं, ह्यानं ते बसवलंय. ही नक्कल आत्ता सुचलेली नाही. ह्यानं तिकडे, अ‍ॅम्स्टरडॅमच्या जेवणांत, हे कितीदा तरी करून दाखवलंय. जे हसू मी कधी हसलेच नाही, ते माझ्या भावाला पाठ आहे.

ती दिव्याच्या खांबामागून बाहेर आली.

"मी ब्रेड कापत होते," ती मेरेलला म्हणाली. "इथं, तू उभी आहेस ना, तिथंच. हसलं कुणी नाही."

"आफ्के," हेसल म्हणाला.

"माउरिट्स म्हणाला, तुम्ही बसा. आणि हेट म्हणाले..." आणि पुढचं तिनं सांगितलं नाही, म्हणून दाखवलं. बुटक्या, दमेकरी, घरात कधी आवाज न चढवणाऱ्या माणसाचा तो एकच चढलेला आवाज पस्तीस वर्षं तिच्यापाशी जसाच्या तसा पडून होता. "तुम्ही कुणाला म्हणतोस रे? बाप आहे मी तुझा!"

मग तिनं बंदूकवाल्याचं वाक्यही म्हटलं, हातमोजा काढून. हातमोजा नव्हताच, तिनं नुसती बोटं सोडवली.

कास्पर हळूच खुर्चीत बसला. त्याच्या चेहऱ्यावर आफ्केला दुःख दिसलं नाही. जत्रेत ऐनवेळी घोडं स्वस्तात मिळालं की माणसाचा चेहरा होतो तसा तो झाला होता. "आणि हे," तो हेसलला म्हणाला, "हे तू पुस्तकात घातलं नाहीस? हे टाकून तू ते फुसकं हसणं घातलंस?"

"ती खोटं बोलतेय."

"असं खोटं तुला लिहिता आलं असतं तर तू आणखी मोठा लेखक झाला असतास."

"माझी परवानगी लागेल कास्पर. करारात आहे."

"दोन्ही घेऊ आपण," कास्पर म्हणाला. आणि ते ज्या गोडीनं म्हणाला त्यावरून काय ठेवलं जाणार ते दिवेवाल्यालाही कळलं. बडा नट तर कोपऱ्यात जाऊन पुटपुटायलाही लागला होता: बाप आहे मी तुझा, बाप आहे मी तुझा.

मेरेल तेवढी आफ्केजवळ आली. "तो मुलगा," तिनं विचारलं, "त्याचं खरं आडनाव काय होतं?"

"पोलाक. माउरिट्स पोलाक."

"हं," मेरेल म्हणाली, आणि वेण्या सावरत आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

हेसल अंगणात मिठावर उभा होता. मोटारीचं दार उघडं होतं.

"दुसऱ्यांदा मारलंस तू हेटना," तो म्हणाला.

"पहिल्यांदा कुणी मारलं ते तरी नीट लिही मग."

"तुझं नाव धुऊन निघावं म्हणून!"

"हो," आफ्के म्हणाली. "माझं नाव धुऊन निघावं म्हणूनच. दुसरं काही कारण नाही. तुला काय वाटलं, सत्यासाठी?"

तो गेला. मिठात चाकं अडकली आणि दोन दिवेवाल्यांनी मोटार ढकलली, म्हणून जाणं जरा लांबलं.

उन्हाळाभर आफ्केची झोप उडाली. पाटीखालून जाताना ती सायकलवरून खाली बघायची. गावात अजून कुणाला नीट कळलं नव्हतं. खिडकीतून अर्धंमुर्धं ऐकलेलं होतं, पण अर्ध्यामुर्ध्यावर ओस्टरवीर मत बनवत नसे, वाट बघायचं. तिला वाटायचं, सिनेमा लागेल, आणि लोक म्हणतील, हेच का ते गेर्लोफ होक्सेमा? पाटी उतरवतील. नाही उतरवली तरी तिच्याकडे बघून बोलायचं थांबतील. मेम असत्या तर काय म्हणाल्या असत्या ते तिला पक्कं माहीत होतं. मेम काहीच म्हणाल्या नसत्या, आणि कॉफी तिलाच करायला लावली असती. कास्परला फोन करून सांगावं, काढून टाका ते, राहू दे माझं हसू, असं तिच्या मनात कितीदा तरी आलं. एकदा तिनं फोन उचललाही. मग तिला नाकातलं ते फुस्स फुस्स आठवलं आणि तिनं फोन ठेवला.

नोव्हेंबरात लिउवार्डनच्या थिएटरात पहिला खेळ झाला. गावानं बस केली होती. आफ्के ड्रायव्हरमागं बसली. तिच्या शेजारी कुणी बसलं नाही. दरवर्षीच्या सहलीलाही बसायचं नाही.

सिनेमा तसा बरा होता. गाई तिच्याच होत्या, चांगल्या दिसत होत्या. तो सीन आला तेव्हा तिनं खुर्चीचा हात धरला. पोरगा म्हणाला, तुम्ही बसा. बड्या नटानं मान वळवली आणि तो गरजला. आवाज हेटसारखा नव्हता, फार मोठा होता. मग हातमोजा. मग शांतता.

आणि त्या शांततेत तिच्या मागच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. मग पलीकडे कुणी नाक शिंकरलं. दिवे लागले तेव्हा सगळं ओस्टरवीर रडत होतं. पुरुषमाणसं टोप्यांत बघत होती.

"बिचारा गेर्लोफ," कुणीतरी म्हणालं.

"स्वतःच्या पोरासारखं बोलला बघ त्याला. भानच राहिलं नाही."

"असा माणूस आता व्हायचा नाही."

आफ्के ऐकत राहिली. इतकी वर्षं एका बारा वर्षांच्या पोरीचं न झालेलं हसू ज्यांना माफ करता आलं नव्हतं, त्यांनी बापाचं बोलणं, ते झालेलं असून, रुमाल खिशातून निघेपर्यंत माफ करून टाकलं होतं. माफही नाही, त्याची पूजा मांडली होती. पाटीला काही होणार नव्हतं. उलट आता पुतळाही निघेल, तिला वाटलं, आणि तो उंचापुरा असेल.

स्टेजवर हेसलला बोलावलं. परवानगीची सही त्यानं शेवटी केली होती, तरी तो येईल की नाही याची तिला शंका होती, पण तो आला, काळा स्वेटर घालून. कुणीतरी विचारलं, हा प्रसंग पुस्तकात नव्हता, तो कसा आला? हेसलनं मान खाली घातली. त्याला मान खाली घालणं फार छान जमायचं.

"आपल्या बापाबद्दलचं खरं सांगायला," तो म्हणाला, "माणसाला कधी कधी अकरा वर्षं लागतात."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कास्पर शेजारी उभा होता. त्यानं आफ्केकडे एकदा बघितलं, आणि मग तोही टाळ्या वाजवू लागला. माउरिट्सचं नाव कुणी काढलं नाही.

बाहेर कॉफी होती आणि नारिंगी केकचे तुकडे. हेसल हातात फुलं घेऊन तिच्यापाशी आला. लोक बघत होते म्हणून त्यानं तिच्या गालाला गाल लावले, इकडे, तिकडे, परत इकडे.

"झालं समाधान?" तो कानाशी म्हणाला.

"नाही."

"मला वाटलंच होतं. तुला काही दिलं तरी पुरत नाही."

"तू दिलंस?" आफ्केनं विचारलं. पण तो तेवढ्यात पुढच्या गालाकडे वळला होता.

मग ग्रीट आली. डोळे लाल, ओठांना केकची साखर. तिनं आफ्केचा दंडच धरला. अकरा वर्षांत तिनं आफ्केला लावलेला हा पहिला हात, आणि तोंडून निघालेला पहिला 'तू'.

"म्हणजे तू हसलीच नव्हतीस तर!"

"नाही."

"अगं मग सांगायचंस की!" ग्रीट म्हणाली. मनापासून म्हणाली, खरोखरच राग आला होता तिला. "इतकी वर्षं गप्प बसलीस? लोकांना कसं कळणार? बाई गं, तुझीही कमाल आहे. आम्ही आपलं उगाच..." आपण उगाच काय केलं, ते मात्र तिनं पुरं केलं नाही. दंडावरचा हात दोनदा थोपटला. "ते जाऊ दे. गुरुवारी ये कॉफीला. आम्ही चौघीजणी जमतो. तू पण ये."

"गुरुवारी मला वेळ नाही," आफ्के म्हणाली.

"मग पुढच्या गुरुवारी?"

"पुढच्याही नाही."

"असं काय करतेस? कधी असतो तुला वेळ?"

"असतो की," आफ्के म्हणाली. "भरपूर असतो."

ग्रीटचा हात हळूहळू दंडावरून निघाला. तिच्या तोंडावर पहिल्यांदा गोंधळ आला, मग तो जुना, दुकानातला, गिऱ्हाईक बाहेर पडायची वाट बघणारा भाव. आणि आफ्केला तो बघून बरं वाटलं. त्याला कसं तोंड द्यायचं हे तिला ठाऊक होतं.

परतीच्या बसला गर्दी झाली. लिउवार्डनची दोन-तीन नातेवाईक मंडळीही चढली होती, आणि चार-सहाजणांना उभं राहावं लागलं. आफ्के सगळ्यांच्या आधी येऊन खिडकीशी बसली होती. ओस्टरवीरच्या बायका एकामागून एक वर चढल्या, तिच्याकडे बघून ओळखीचं, रडून मऊ झालेलं हसल्या, आणि तिच्या शेजारच्या मोकळ्या सीटशी घुटमळल्या. ग्रीट तर अगदी टेकायच्या बेतात वाकलीसुद्धा.

आफ्केनं मांडीवरची पर्स उचलली, शेजारच्या सीटवर नीट उभी करून ठेवली, आणि ओस्टरवीर येईपर्यंत बाहेर बघत बसली. बाहेर काळोख होता, दिसत काहीच नव्हतं.